रुग्णशय्येजवळचे निर्मळ हात

रुग्णालयाची पायरी मनुष्य चढतो ती बरे होण्याच्या आशेने. घरातील माणूस अत्यवस्थ झाला की आपण त्याला अतिदक्षता विभागात दाखल करतो आणि दाराबाहेरच्या बाकावर बसून मनाची समजूत घालतो की, आता तो जाणत्यांच्या हाती आहे. हा विश्वास बहुतांशी सार्थच असतो. परंतु वाचकहो, ज्या आजारासाठी रुग्णाला तेथे नेले तो आजार हटावा आणि तेथेच जडलेल्या निराळ्याच जंतुसंसर्गाने त्याची प्रकृती ढासळावी, असेही घडते. आणि आपण समजतो त्याहून ते अधिक वेळा घडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ जणांना, तर मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तेथे असताना एखादा तरी नवा संसर्ग जडतो. असा संसर्ग झालेल्या दर १० रुग्णांपैकी सरासरी एक दगावतो. हे आकडे आपणांस भयभीत करण्यासाठी दिलेले नाहीत. त्याच अहवालात एक आशेची गोष्टही सांगितली आहे. हातांची स्वच्छता आणि तत्सम कमी खर्चाचे उपाय नीट पाळले, तर यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत संसर्ग टाळता येतात. मग ते टळत का नाहीत? तेथील डॉक्टर, परिचारिका आणि सेवक यांना हे उपाय ठाऊक नसतात काय? आणि ठाऊक असूनही ते हातून घडत नसतील तर त्याचे कारण काय? या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

अत्यवस्थ रुग्णालाच धोका अधिक का?

अतिदक्षता विभागाची कल्पना फार जुनी नाही. १९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत छेद घेऊन, तेथे नळी बसवून, रबरी पिशवी दाबत त्यांना श्वास देण्याची युक्ती ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी योजिली. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस रुग्णाच्या उशाशी बसून त्या पिशव्या दाबीत होते. त्या अनुभवातूनच, अत्यवस्थ रुग्णांना एका ठिकाणी ठेवून अहोरात्र त्यांच्यावर लक्ष ठेवण्याची पद्धत पुढे आली. आज विद्यार्थ्यांच्या हातांची जागा यंत्राने घेतली आहे आणि त्यामुळे पूर्वी हमखास दगावले असते असे असंख्य जीव वाचतात.

परंतु या उपचारांची एक बाजू नीट ध्यानात घेतली पाहिजे. निसर्गाने शरीराभोवती एक तटबंदी उभारलेली आहे. त्वचा जंतूंना आत येऊ देत नाही, खोकला त्यांना छातीतून बाहेर फेकतो, लघवीचा प्रवाह मूत्रमार्ग धुऊन काढतो. अतिदक्षता विभागात रुग्णाचा जीव वाचविण्यासाठी या तटबंदीला आपणच भगदाडे पाडतो. मानेजवळच्या मोठ्या शिरेत औषधांसाठी नळी घातली जाते. घशातून श्वासनलिकेत नळी जाते व ती यंत्राला जोडली जाते. गुंगीच्या औषधाने खोकला दबतो. मूत्राशयातही नळी असते. प्रत्येक नळी ही जीवनदायिनी खरी, पण तीच जंतूंची वाटही होऊ शकते. नळीच्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर धरून बसले, म्हणजे औषधांचाही त्यांवर फारसा इलाज चालत नाही. त्यातच रुग्णाची प्रतिकारशक्ती आजाराने खचलेली असते, आणि दिवसभरात कितीतरी हात त्याला स्पर्श करीत असतात. निरोगी माणसाला जे जंतू काहीही करू शकत नाहीत, ते अशा रुग्णाच्या जिवावर उठतात.

व्हिएन्नातील जुना धडा

हातांवाटे रोग पसरतो, हे मानवाला कळले त्याची कथा मोठी उद्बोधक आहे. बाळंतिणीच्या खोलीत जाण्यापूर्वी हातपाय धुण्याची शिस्त आपल्या घरोघरच्या आजीबाई सांगत आल्या आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील नामांकित रुग्णालयांत मात्र शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर व विद्यार्थी तसेच प्रसूतिगृहात शिरत असत. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात दर १०० बाळंतिणींपैकी ११ हून अधिक दगावल्या, तर सुइणींच्या विभागात तीनांहूनही कमी.

तेथील तरुण डॉक्टर इग्नाझ सेमेल्वाइस यांना या फरकाने अस्वस्थ केले. १८४७ च्या मार्चमध्ये त्यांचे एक सहकारी, शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन, बाळंतरोगासारख्याच लक्षणांनी मरण पावले. तेव्हा सेमेल्वाइस यांच्या ध्यानात आले की, शवांतील काही घातक द्रव्य हातांवाटेच बाळंतिणींपर्यंत पोहोचत असले पाहिजे. मे महिन्यात त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा दंडक घातला. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये दोनांच्या आसपास आले.

एवढा लख्ख पुरावा समोर असताना वैद्यकविश्वाने त्यांचे स्वागत करावयास हवे होते. तसे झाले नाही. आपल्याच हातांनी रोग पसरतो, हे मान्य करणे त्या काळच्या अनेक प्रतिष्ठितांना जड गेले. सेमेल्वाइस १८६५ साली उपेक्षेतच वारले. त्यानंतर दोनच वर्षांनी जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाच्या साह्याने शस्त्रक्रियेच्या जखमा निर्जंतुक राखण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढे जंतुशास्त्राचा पाया पक्का झाल्यावर सेमेल्वाइस यांचे म्हणणे सर्वमान्य झाले. यातून घेण्यासारखा धडा असा की, सत्य कळणे ही एक गोष्ट आणि ते अंगवळणी पडणे ही निराळी गोष्ट.

ठाऊक किती आणि घडते किती?

आता आपल्या काळाकडे येऊ. युरोपातील २२ देशांत अतिदक्षता विभागांतील तीन हजारांहून अधिक परिचारिकांची एक लेखी चाचणी घेण्यात आली व तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. श्वासयंत्रावरील रुग्णाला होणारा न्यूमोनिया कसा टाळावा, यावर त्यांना प्रश्न विचारले होते. सरासरी गुण पडले शंभरात ४५. शिरेतील नळीवाटे होणाऱ्या संसर्गाविषयी अशीच चाचणी झाली, तिचा निकालही निम्म्याच्या आतच राहिला. या परिचारिका अनुभवी होत्या, साधनसंपन्न देशांतील होत्या. म्हणून कोणत्याही एका देशाला किंवा कोणा एका वर्गाला नावे ठेवण्याचे कारण नाही. शास्त्र झपाट्याने पुढे जाते आणि एकदा शिकलेले पुन्हा तपासून पाहण्याची सोय कामाच्या धबडग्यात राहत नाही, एवढाच याचा अर्थ.

काही चुकीच्या समजुती तर पुष्कळ ठिकाणी घर करून आहेत. उदाहरणार्थ, हातमोजे घातले म्हणजे हात धुण्याची गरज नाही, असे कित्येकांना वाटते. वास्तविक मोज्यांना सूक्ष्म छिद्रे असू शकतात, ते काढताना हात दूषित होतात, आणि तेच मोजे घालून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेल्यास संसर्गही सोबत जातो. मोठ्या शिरेतील नळी ठराविक दिवसांनी बदलीत राहावी, हीही अशीच एक समजूत. नळी बदलण्याचे तसे कारण असेल तरच ती बदलावी आणि गरज संपताच काढून टाकावी, हे आजचे शास्त्र सांगते. मद्यार्कयुक्त द्रव हातांवर चोळणे फार उपयुक्त आहे. पण हात दिसण्याइतके मळलेले असतील तर, किंवा काही विशिष्ट प्रकारच्या जुलाबाच्या रुग्णाची शुश्रूषा केल्यावर, साबण व पाणीच हवे. तोंडाच्या स्वच्छतेबाबतही मत बदलले आहे. पूर्वी श्वासयंत्रावरील रुग्णाचे तोंड जंतुनाशक द्रवाने धुण्यावर भर असे; आता त्याचे दात ब्रशने नियमित घासणे अधिक हितकर मानले जाते. अशा रुग्णाची उशाकडील बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवणे, रोजच्या रोज गुंगी कमी करून तो आपला आपण श्वास घेऊ शकतो काय हे पाहणे, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकेल अशी टांगणे, या साऱ्या गोष्टी साध्या दिसतात. परंतु त्यांच्यामागे शास्त्र उभे आहे.

आणि जे ठाऊक आहे, तेही सर्व वेळी घडत नाही. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. डिडिए पिटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली कर्मचाऱ्यांचे बारकाईने निरीक्षण केले. हात स्वच्छ करावयास हवे होते अशा प्रसंगांपैकी ४८ टक्के प्रसंगीच ते केले गेले. अतिदक्षता विभागात तर हे प्रमाण अवघे ३६ टक्के होते. जेथे धोका सर्वांत अधिक, तेथेच सावधगिरी सर्वांत कमी! याचे कारण निष्काळजीपणात शोधणे अन्यायाचे होईल. अभ्यासात आढळले ते असे की, कामाचा ताण जितका वाढे तितके हात धुण्याचे प्रमाण घटत जाई. तासाभरात वीस वेळा हात धुवावयाचे, आणि दर वेळी बेसिनपर्यंत जाऊन मिनिटभर घालवावयाचा, तर रुग्णाकडे पाहावयाचे केव्हा?

म्हणून त्यांनी उपाय शोधला तोही तितकाच व्यावहारिक. मद्यार्कयुक्त द्रवाची बाटली प्रत्येक खाटेपाशी ठेवली. वीस-तीस सेकंदांत काम होऊ लागले. सोबत भिंतीवर चित्रफलक लावले, आणि निरीक्षणाचे निकाल वेळोवेळी सर्वांपुढे मांडले. १९९७ पर्यंत हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयातील संसर्गाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले.

एका कागदावरील पाच पायऱ्या

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २००१ साली डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी याहूनही साधा प्रयोग केला. मोठ्या शिरेत नळी घालताना करावयाच्या पाच गोष्टी त्यांनी एका कागदावर लिहून काढल्या. साबणाने हात धुणे. रुग्णाची त्वचा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने स्वच्छ करणे. रुग्णाचे सर्व अंग निर्जंतुक कापडाने झाकणे. स्वतः टोपी, मुखपट्टी, निर्जंतुक झगा व हातमोजे घालणे. आणि नळी बसविल्यावर त्या जागी निर्जंतुक पट्टी लावणे. यात नवे असे काहीच नव्हते. पण परिचारिकांनी महिनाभर निरीक्षण केले तेव्हा दिसून आले की, एकतृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांकडून यांपैकी एखादी तरी पायरी गळत होती.

मग रुग्णालयाने परिचारिकांना एक अधिकार दिला. डॉक्टरांकडून एखादी पायरी गळली, तर त्यांना तेथेच थांबविण्याचा तो अधिकार होता. वर्षभरात या नळ्यांमुळे होणारा संसर्ग ११ टक्क्यांवरून जवळजवळ शून्यावर आला. पुढे मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी हीच पद्धत स्वीकारली. जांघेतील शीर शक्यतो टाळणे आणि अनावश्यक नळी काढून टाकणे यांवरही तेथे भर देण्यात आला, आणि लागणारे सर्व साहित्य एका गाडीवर एकत्र ठेवण्याची व्यवस्था झाली. एका रुग्णाच्या शरीरात नळी एक दिवस राहिली म्हणजे तो एक 'नळी-दिवस' धरतात. अशा दर हजार नळी-दिवसांमागे सरासरी ७.७ संसर्ग होत असत, ते दीड वर्षात १.४ वर उतरले. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले.

सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, येथे कोणतेही नवे औषध वापरलेले नाही वा महागडे यंत्र आणलेले नाही. जे ठाऊक होते, ते विसरले जाऊ नये अशी योजना केली आणि ज्येष्ठ-कनिष्ठ हा भेद रुग्णाच्या खाटेपाशी बाजूला ठेवला. दुसरी गोष्ट अधिक अवघड, आणि आपल्याकडे तर विशेषच. वडीलधाऱ्यांना व वरिष्ठांना टोकू नये, असे आपण लहानपणापासून शिकतो. परंतु नुकतीच रुजू झालेली परिचारिका 'सर, हात राहिले' असे निर्भयपणे म्हणू शकते आणि ते सर हसून 'बरे झाले, सिस्टर' म्हणतात, त्या विभागातील रुग्ण खरोखरच भाग्यवान म्हणावा लागेल.

आपल्या देशातील प्रयत्न

भारतातही या दिशेने पावले पडली आहेत. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या पुढाकाराने रुग्णालयांतील संसर्गाची एकाच पद्धतीने मोजदाद करणारे जाळे उभे राहिले. २०१७ व २०१८ मध्ये २६ रुग्णालयांतील ८९ अतिदक्षता विभागांतून माहिती गोळा झाली, आणि रक्तातील संसर्गाचे प्रमाण नवजात बालकांच्या विभागांत सर्वाधिक असल्याचे तीत दिसून आले. सरकारी रुग्णालयांतील स्वच्छता व संसर्गनियंत्रण यांस उत्तेजन देण्यासाठी 'कायाकल्प' ही पारितोषिक योजना २०१५ साली सुरू झाली. २०१६ च्या नियमांनी रुग्णालयातील कचऱ्यासाठी रंग ठरवून दिले. जखमेचा कापूस व पट्ट्या पिवळ्या पिशवीत, वापरलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या अभेद्य डब्यात आणि काचेच्या वस्तू निळ्या खुणेच्या खोक्यात. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने संसर्ग-प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली.

तथापि मार्गदर्शिका कपाटात राहिली तर ती कोणाचा जीव वाचविणार? तिच्यातील ज्ञान डॉक्टर व परिचारिका यांच्याबरोबरच आया, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार यांच्यापर्यंत, त्यांच्या स्वतःच्या भाषेत पोहोचले पाहिजे. खाटेचा कठडा व सलाइनचा खांब पुसणारा हात हाही शुश्रूषेचाच हात आहे. आणि केवळ ज्ञान देऊन भागत नाही. नळाला पाणी, बेसिनपाशी साबण, खाटेपाशी भरलेली बाटली आणि कामाच्या मानाने पुरेशा परिचारिका, एवढे असल्यावाचून कोणालाही दोष देण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

कुटुंबीयांनी काय करावे?

आपण इंदूरला असा, हैदराबादला असा वा कोल्हापुरास, आप्ताच्या आजारपणात भेटीस जाणे हे आपण कर्तव्य मानतो. ते योग्यच आहे. परंतु अतिदक्षता विभागात प्रेमालाही थोडी शिस्त लावावी लागते. एका वेळी एकानेच आत जावे. सर्दी, ताप, जुलाब किंवा हातावर जखम असेल तर बाहेरूनच विचारपूस करावी. आत जाताना व बाहेर येताना हात स्वच्छ करावेत. साबणाने ४० ते ६० सेकंद, किंवा द्रवाने २० ते ३० सेकंद. बोटांच्या बेचक्या, अंगठा व नखांची टोके विसरू नयेत. अंगठ्या व बांगड्या शक्य तर घरीच ठेवाव्यात. रुग्णाच्या खाटेवर बसू नये, नळ्यांना हात लावू नये, शेजारच्या रुग्णाला स्पर्श करू नये. देवाचा अंगारा वा तीर्थ आणले असेल, तर ते परिचारिकेला विचारल्यावाचून रुग्णाला लावू वा देऊ नये; श्रद्धेला त्याने उणेपणा येत नाही.

आणखी एक गोष्ट करता येईल, ती म्हणजे विचारणे. 'ही नळी आजही आवश्यक आहे काय?' 'उशाची बाजू थोडी उंच हवी ना?' असे प्रश्न दरडावून नव्हे, तर विश्वासाने विचारावेत. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी कोणी हात स्वच्छ करावयाचे विसरले, तर तशी आठवणही नम्रपणे द्यावी. उपचार करणारे आणि आपण एकाच बाजूचे आहोत, हा भाव शब्दांत असला की जाणते डॉक्टर व परिचारिका रागावत नाहीत. ज्यांनी रात्रभर उभे राहून आपल्या माणसाची सेवा केली, त्यांच्याविषयी कृतज्ञताही मोकळेपणाने व्यक्त करावी.

दर वर्षी ५ मे हा दिवस हातांच्या स्वच्छतेसाठी जगभर पाळला जातो. २००९ पासून जागतिक आरोग्य संघटना त्या निमित्ताने रुग्णसेवकांना पाच प्रसंगांची आठवण देते. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी. कोणतीही निर्जंतुक क्रिया करण्यापूर्वी. रक्त, लघवी इत्यादींशी संबंध आल्यानंतर. रुग्णाला स्पर्श केल्यानंतर. आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. हे पाच प्रसंग पाठ करावयास पाच मिनिटे पुरतात. ते हातांच्या सवयीत उतरावयास मात्र रोजचा सराव, पुरेशी साधने आणि एकमेकांना आठवण देण्याचा मोकळेपणा लागतो. सवयीचे शिक्षण घरातूनच सुरू होते. जेवणापूर्वी हात धुण्याचा आग्रह धरणारी आई आपल्या मुलाला जे शिकवीत असते, तेच उद्या तो डॉक्टर वा ती परिचारिका होऊन रुग्णशय्येजवळ उभी राहील तेव्हा एखाद्याचा प्राण राखील.